आजोबांची वेताची खुर्ची भंगारात देऊ नका

"आजोबांच्या वेताच्या खुर्चीची वीण सुटली, भंगारात द्यावी का?" असं एका दादांनी विचारलंय. दादा, अजिबात देऊ नका! आधी सांगाडा हलवून बघा. सांधे घट्ट असतील तर खुर्ची उभी राहते, वीण नवी घालता येते.

२०१९ च्या पुरात आमच्या कोल्हापूरच्या घरातली खुर्ची पाण्यात होती. ज्या घराण्यानं ती बनवली, त्यांच्या तिसऱ्या पिढीतल्या पोरानंच ती दुरुस्त केली. उन्हात ठेवू नका म्हणाला, वेत तडकतो. आठवडाभर सावलीत वाळवली, मग त्यानं नवी वीण घातली. त्याचे आजोबा वेत शेकून गुडघ्यावर वाकवायचे, हे मी लहानपणी तासन् तास बघत बसायचो.

वेत म्हणजे बांबू नव्हे. बांबू पोकळ, वेत आतून भरीव. म्हणून तर तो न मोडता वाकतो. बाहेरच्या वेताचं म्हणाल, तर इंडोनेशियानं २०१२ पासून कच्च्या वेताची निर्यात बंद केली. आपल्याकडे आसाम, अंदमानचा वेत आहे, पण दुकानांत प्लॅस्टिकचीच वीण जास्त दिसते. याचं फार वाईट वाटतं.

फोटो टाका, सांधे कसे आहेत बघून सांगतो.