जुन्या ठिबक नळ्यांपासून पाइप : अनुदानाबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. तासगाव भागात द्राक्षबाग काढली की ठिबकच्या काळ्या नळ्यांची भेंडोळी बांधावर पडून राहतात, नाहीतर लोक पेटवून देतात. तो धूर खरंच बघवत नाही. या नळ्या धुऊन, दाणे करून पुन्हा पाइप काढायचा कारखाना वहिनींच्या नावे टाकायचाय. पीएमईजीपीत (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, नव्या उद्योगाला कर्जासोबत अनुदान देणारी केंद्राची योजना) महिलांना ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान, शहरात २५. म्हणून सांगली महापालिका हद्दीतल्या कुपवाडपेक्षा गावातली जागा बरी वाटते. पण नळ्या धुतलेलं पाणी सोडायचं म्हटलं की प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती गावात अवघड जाते का? शिवाय उद्योगांना सवलती देणाऱ्या राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत पुनर्वापराच्या मालाला वेगळं काही मिळतं का? जिल्हा उद्योग केंद्रात असं प्रकरण केलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा, जागेचा करार लवकरच करायचाय.