ब्रेसेस काढल्यानंतर डाव्या दाढा टेकेनाशा झाल्या, रिटेनरही झिजला : मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्याला राहतो. माझ्या मुलीच्या (वय 19) ब्रेसेस गेल्या दिवाळीनंतर काढल्या. पटाशीचे दात बरेच पुढे असल्यामुळे चार उपदाढा काढून उपचार झाले होते आणि दात खरोखरच सुरेख ओळीत आले. वरच्या दातांसाठी पारदर्शक रिटेनर (दात पुन्हा सरकू नयेत म्हणून त्यांच्यावर बसवायचे, काढता-घालता येणारे आवरण) दिला असून खालच्या पुढच्या दातांच्या मागे, सुळ्यापासून सुळ्यापर्यंत, बारीक तार चिकटवली आहे. सुरुवातीचे काही महिने जेवणाची वेळ वगळता दिवसभर आणि आता फक्त रात्री, असा रिटेनर ती नियमाने घालते.

गेल्या काही आठवड्यांपासून मात्र डाव्या बाजूने नीट चावता येत नाही, असे ती सांगते. दात मिटून घेतल्यावर डाव्या दाढांमध्ये धरलेली कागदाची पट्टी अलगद ओढून काढता येते, उजवीकडे ती घट्ट अडकते. ती झोपेत दात खाते, हे मला पूर्वीपासून ठाऊक आहे. आता रिटेनर उजेडात धरला की उजव्या दाढांवरचा भाग पातळ झालेला दिसतो आणि शेवटच्या दाढेपाशी एक चीरही गेली आहे. म्हणजे चावण्याचा सगळा भार एकाच बाजूवर पडत असावा, असे मला वाटते.

ब्रेसेस काढल्यावर दाढा हळूहळू एकमेकींत बसतात आणि तेवढा बदल अपेक्षितच असतो, हे मी समजून घेतले आहे. हिरड्यांतील लवचिक तंतू नव्या जागेला सरावायला वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ घेतात आणि तोवर दातांना जुन्या जागेकडे ओढत राहतात, हेही कळले. पारदर्शक रिटेनर दाढांचा चावण्याचा पृष्ठभाग झाकून टाकतो, त्यामुळे दाढा टेकायला अडथळा होऊ शकतो. तारेच्या हॉले रिटेनरमध्ये तो भाग मोकळा राहतो. आमच्या बाबतीत दाढा अजून बसायच्या आहेत की दात मागे फिरू लागले आहेत, हाच माझा मुख्य प्रश्न आहे, कारण दोन्हींवरचे उपाय वेगळे असणार. वरचा रिटेनर अजून न दाबता, न दुखता बसतो, त्यामुळे वरचे दात फारसे हलले नसावेत. खालच्या दाढांना मात्र कशाचाच आधार नाही. खालची तार एखाद्या दातापासून सुटली तर तो दात कुणाच्या लक्षात न येता सरकतो, म्हणून तीही तपासून घ्यावी असे मनात आहे.

आमच्या डॉक्टरांनी तसाच नवा रिटेनर करून घेण्यास सांगितले आहे. चावा तपासल्याशिवाय आहे त्याच स्थितीचे माप देणे मला पटत नाही, कारण बिघाड असेल तर तोच नव्या रिटेनरमध्ये कायम होईल. ब्रेसेस काढल्या त्या दिवशीचे साचे व छायाचित्रे मागून आजच्या स्थितीशी ताडून पाहावीत, असा आग्रह धरणे योग्य ठरेल का? झोपेत दात खाणाऱ्या कुणाला हॉले किंवा जाड रिटेनर दिला गेला असल्यास तो किती टिकला, हेही कृपया लिहावे. नेरूळच्या दंत महाविद्यालयांतील ऑर्थोडॉन्टिक्स (वाकडे दात सरळ करण्याचे उपचार) विभागात दुसरे मत घेण्याचा विचार आहे. दुसरीकडे उपचार झालेल्या रुग्णाला तिथे तपासतात का आणि जुने एक्स-रे न्यावे लागतात का?

घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की अक्कलदाढा पुढच्या दातांना ढकलत आहेत, त्या काढून टाका. अक्कलदाढांमुळे पुढचे दात वाकडे होतात याला ठोस पुरावा नसल्याचे माझ्या वाचनात आले आहे, त्यामुळे केवळ त्या कारणासाठी शस्त्रक्रियेला मी तयार नाही.

एक प्रश्न तातडीचा आहे. चिरेची कडा रात्री तिच्या गालाला लागते. नवा रिटेनर हाती येईपर्यंत हाच घालू द्यावा, की मधल्या काळात दात सरकू नयेत म्हणून दुसरी काही तात्पुरती सोय करून मिळते?