बेडकाच्या हृदयातले तीन कप्पे हा दोष मानावा का?

प्रश्न:
माशाच्या हृदयात दोन कप्पे, बेडकाच्या तीन आणि पक्षी व सस्तन प्राण्यांच्या चार, असा चढता क्रम शिकवला जातो. बेडकाच्या एकुलत्या एका निलयात, म्हणजे रक्त बाहेर ढकलणाऱ्या कप्प्यात, शुद्ध आणि अशुद्ध रक्त मिसळते, हा त्यातला दोष सांगितला जातो. हा दोष असेल, तर बेडूक टिकला कसा? आणि झुरळाच्या हृदयाला तर तेरा कप्पे असतात. त्याला या क्रमात कुठे बसवायचे?

उत्तर १:
झुरळाला या क्रमात बसवूच नये. त्याचे हृदय म्हणजे पाठीलगतची लांबट नळी असून तिचे कप्पे एकामागे एक असतात. त्याचे रक्त रंगहीन असते, कारण ऑक्सिजन वाहून नेण्याचे काम त्याच्याकडे नसतेच. हवा श्वासरंध्रांच्या दहा जोड्यांतून आत शिरते आणि फाटे फुटत गेलेल्या श्वासनलिकांमधून थेट पेशींपर्यंत पोहोचते. शांत बसलेला नाकतोडा भिंगातून पाहिला, तर त्याचे पोट लयीत आकसताना आणि फुगताना दिसते. तोच त्याचा श्वासोच्छ्वास.

उत्तर २:
बेडकाबाबतचा गैरसमज मला ‘अशुद्ध’ या शब्दामुळे झालेला वाटतो. बेडूक ओलसर त्वचेतूनही श्वास घेतो आणि त्वचेत ऑक्सिजन मिळालेले रक्त शरीरातून परतणाऱ्या रक्ताबरोबर उजव्या अलिंदात (हृदयाकडे परतणारे रक्त घेणाऱ्या कप्प्यात) येते; म्हणजे ज्या बाजूला आपण अशुद्ध म्हणतो, तिकडेही ऑक्सिजन असतोच. शिवाय दोन्ही अलिंदांतून आलेले रक्त निलयात बऱ्याच अंशी वेगळे राहते. बेडूक पाण्याखाली असताना फुप्फुसे निकामी असतात; तेव्हा तिकडचा रक्तपुरवठा कमी करून रक्त शरीराकडे आणि त्वचेकडे वळवता येते, ते निलय अखंड असल्यामुळेच. आपल्या हृदयातल्या पूर्ण पडद्यामुळे ही सोय आपल्याला नाही.

उत्तर ३:
माशाचे दोन कप्पेही कमी लेखू नयेत. लिटरभर हवेत सुमारे २१० मिलिलिटर ऑक्सिजन असतो, तर नेहमीच्या तापमानाच्या लिटरभर पाण्यात दहा मिलिलिटरही नसतो. तरीही कल्ल्यांत पाणी आणि रक्त परस्परविरुद्ध दिशांनी वाहत असल्यामुळे मासा त्यातला बहुतांश ऑक्सिजन काढून घेऊ शकतो. मात्र कल्ल्यांच्या केशिकांतून (अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांतून) जाताना रक्ताचा दाब उतरतो आणि पुढे शरीरभर ते त्याच कमी दाबाने फिरते.

प्रश्नकर्ता:
मग मगरीचे काय? तिच्या हृदयात तर चार कप्पे आहेत.

उत्तर २:
होय, पण तिच्या उजव्या निलयातूनही एक महारोहिणी, म्हणजे शरीराकडे रक्त नेणारी मोठी रक्तवाहिनी, निघते, त्यामुळे फुप्फुसांकडे जाणारे काही रक्त मगर पुन्हा शरीराकडे वळवू शकते.