मदत हवी आहे: छातीवरचा रिब्रीदर घ्यावा का?

मंडळी, ओपन सर्किटवर (सोडलेला श्वास पाण्यात जाऊ देणारं नेहमीचं स्कूबा) ट्रायमिक्स (खोल डाइव्हसाठीचं ऑक्सिजन-हेलियम-नायट्रोजन मिश्रण) कोर्स झालाय, पाठीवर १२ लिटरचे ट्विन सिलिंडर वापरते. आता ४५ ते ६० मीटरच्या डाइव्हसाठी छातीवर बांधायचा रिब्रीदर (सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा वापरणारं उपकरण) घ्यायचा विचार आहे. चॉप्टिमा आणि ट्रायटन या दोन्हींबद्दल वाचलंय.

ओढा यासाठी, की पाठीवरचे सिलिंडर तसेच राहतात आणि तेच बेलआउटला, म्हणजे रिब्रीदर बिघडला तर वर यायला, कामी येतात. शिवाय पुण्याहून अंदमानला विमानानं जाताना लहान युनिट सोपं.

मागच्या महिन्यात मैत्रिणीचं युनिट पुण्यातल्या एका तलावात तासभर वापरलं. पालथं तरंगताना श्वास ओढायला हलका, सोडायला मात्र जोर लागत होता. काउंटरलंग (श्वास साठवणाऱ्या पिशव्या) फुफ्फुसांच्या खाली येतात, म्हणून असणार. खरी अडचण छातीवरच्या गर्दीची. डाव्या डी-रिंगचा (पट्ट्यावरची सामान अडकवायची कडी) बोल्टस्नॅप हुक दिसतच नव्हता, तिसऱ्यांदा चाचपडल्यावर निघाला. माझी उंची ५ फूट १ इंच, त्यामुळे जागा आधीच कमी.

कोर्स रीतसर करणारच आहे, बजेटही ठरलंय. सोडा लाइम (कार्बन डायऑक्साइड शोषणारे दाणे) आणि ऑक्सिजनची सोयही झालीय. सेकंडहँड नको.

बुटक्या बांध्याच्या कुणी दोन डेको सिलिंडरसह (वर येतानाच्या थांब्यांसाठीचा वायू) हे युनिट समुद्रात वापरलंय का? डी-रिंग कुठे सरकवल्या, आणि लाटांत बोटीच्या शिडीवर चढताना युनिट आधी काढून देता का?