द्राक्षाच्या काडीला मुळे फुटतात, मग तुटलेले बोट पुन्हा का येत नाही?

तासगावचा शिक्षक
मी तासगाव तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. दहावीच्या वर्गात मूलपेशी (ज्यांपासून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी तयार होतात त्या) शिकवत असताना एका बागायतदाराच्या मुलाने विचारले, "सर, डॉगरिज या द्राक्षखुंटाची काडी मातीत खोचली की तिला मुळे आणि पाने दोन्ही फुटतात, मग माणसाचे तुटलेले बोट का फुटत नाही?" पेशी एकदा स्नायूची किंवा चेतापेशी झाली की तिची बाकीची जनुके नाहीशी होतात, असे मी सांगून टाकले. घरी आल्यावर ते उत्तर मलाच खटकू लागले. जाणकारांनी खुलासा करावा.

सूक्ष्मदर्शी, सांगली
खटकले ते बरे झाले, सर. जनुके नाहीशी होत नाहीत, ती वाचली जाणे थांबते. यकृताच्या पेशीतही हिमोग्लोबिनचे जनुक शाबूत असते, परंतु तेथील डीएनए प्रथिनांभोवती घट्ट गुंडाळलेला असतो आणि ते जनुक चालू करणारी नियंत्रक प्रथिने त्या पेशीत नसतात. अस्थिमज्जेतील मूलपेशीपासून तांबडी पेशी होणार, पांढरी होणार की रक्तपट्टिका, हेही एका दमात ठरत नाही. आसपासच्या पेशींकडून व रक्तातून येणाऱ्या संदेशांनुसार एकेक वाट बंद होत जाते.

पुरावा जुना आहे. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जॉन गर्डन यांनी १९६२ मध्ये बेडकाच्या डिंभकाच्या (शेपटीवाल्या पिल्लाच्या) आतड्यातील पेशीचे केंद्रक, स्वतःचे केंद्रक निकामी केलेल्या अंड्यात घातले आणि त्यांतील काही अंड्यांतून डिंभक वाढले. आतड्याच्या पेशीने इतर जनुके टाकून दिली असती, तर हे घडलेच नसते. पुढे जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या तंतुपेशींत केवळ चार जनुके घालून त्यांना भ्रूणातील मूलपेशींसारख्या अवस्थेत परत नेले. या दोघांना २०१२ चे नोबेल मिळाले. त्या चारांपैकी सी-मिक हे जनुक कर्करोगाशी निगडित आहे, म्हणून ही परतीची वाट दिसते तितकी निर्धोक नाही.

ऊतीसंवर्धन
मी केळीच्या रोपांच्या प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून काडीपुरते बोलतो. पाने डोळ्यातून येतात आणि डोळ्यात विभाजी ऊती, म्हणजे सतत विभागून नव्या पेशी तयार करणारी ऊती, आधीपासूनच असते. त्यात नवल नाही. नवल मुळांचे आहे, कारण ती सालीखालच्या ज्या पेशींपासून फुटतात, त्यांचे काम मुळे करणे हे नव्हतेच. आमच्याकडे रोपे वाढवण्याच्या माध्यमात ऑक्सिन हे वनस्पती-संप्रेरक वाढवले की मुळे आणि सायटोकायनिन हे दुसरे संप्रेरक वाढवले की कोंब, असा साधारण हिशेब असतो.

सूक्ष्मदर्शी, सांगली
बोटाचे राहिलेच. लहान मुलाच्या बोटाचे अगदी टोक तुटले आणि नखाचे मूळ शाबूत असले, तर ते बरेचदा पुन्हा भरून येते. त्याच्या मागे तुटले, तर मात्र जखम व्रणाने बुजते आणि पेशींना नवी रचना उभारण्याचे संदेश मिळत नाहीत. शिवाय, सर, आपले वाक्य एका ठिकाणी खरे आहे: तांबडी रक्तपेशी परिपक्व होताना केंद्रकच बाहेर टाकते.

तासगावचा शिक्षक
आभारी आहे. सोमवारी फळ्यावर चूक दुरुस्त करतो. त्या मुलाला दोन काड्या आणायला सांगितल्या आहेत. त्या पाण्याच्या बाटलीत ठेवून मुळे डोळ्यातून येतात की सालीखालून, हे वर्गानेच पाहावे.