बाबांचा जीडब्ल्यू-बेसिकमधला वाइंडिंगचा प्रोग्राम उघडत नाहीये, नुसता कचरा दिसतोय

वेढे_मोजणारी:
नमस्कार मंडळी. आम्ही इचलकरंजीचे, बाबा ट्रान्सफॉर्मर भरून (म्हणजे तारेचे वेढे घालून) द्यायचे, यंत्रमागवाल्यांचे स्टॅबिलायझर वगैरे. आता वय ७६, दुकान बंद, पण घरी काही ना काही चालूच असतं. त्यांनी फार पूर्वी एका जुन्या पीसीवर बेसिकमध्ये दोन प्रोग्राम लिहिले होते. एकात व्हीए (म्हणजे ट्रान्सफॉर्मरची ताकद) आणि व्होल्ट टाकले की वेढे किती आणि तार कुठल्या गेजची ते सांगायचा. दुसरा वेढे मोजायचा, म्हणजे हाताने फिरवायच्या वाइंडिंग मशीनच्या शाफ्टला लोहचुंबक, बाजूला रीड स्विच (चुंबक जवळ आला की जुळणारा) आणि त्याची वायर थेट पीसीच्या प्रिंटर पोर्टात. पीसी गेला, पण हार्डडिस्कवरून दोन्ही .बास फायली मिळाल्यात. नोटपॅडमध्ये उघडल्या तर चौकोन, वेडीवाकडी अक्षरं, मध्येच एखादा मराठी-इंग्रजी शब्द. क्यूबी६४ (आताच्या पीसीवर चालणारं बेसिक) मध्ये पण एरर. फाइल करप्ट झालीय का? आणि लॅपटॉपला प्रिंटर पोर्ट नाही तर मोजणीचं काय करायचं? बाबा म्हणतात मोबाइलवरचं ॲप नको, माझाच प्रोग्राम चालू करून दे.

जुनी_डिस्क:
ताई, फाइल ठणठणीत आहे, घाबरू नका. जीडब्ल्यू-बेसिक साधं सेव्ह केलं की मजकूर जसाच्या तसा ठेवत नाही, प्रिंट, गोटू असल्या प्रत्येक शब्दाच्या जागी एक-दोन बाइटचा कोड ठेवतो, त्या काळी मेमरी आणि फ्लॉपी दोन्ही तोकड्या ना. कोट्समधला आणि रेममधला (म्हणजे टिपांमधला) मजकूर वगैरे मात्र तसाच राहतो, तेच शब्द तुम्हाला मध्ये मध्ये दिसतायत. हेक्स एडिटरमध्ये पहिला बाइट बघा, २५५ असेल तर हाच प्रकार. २५४ असेल तर बाबांनी सेव्ह करताना कॉमा पी लावून प्रोटेक्ट केलंय.

पीसी-बेसिक नावाचा फुकट एम्युलेटर (जीडब्ल्यू-बेसिकची हुबेहूब नक्कल) आहे तो घ्या, प्रोटेक्टेड पण चालतं त्याला. त्यात फाइल लोड करा, लिस्ट मारून बघा आणि मग सेव्ह करताना नावाच्या कोट्सनंतर कॉमा देऊन ए लिहा. हा ए म्हणजे आस्की. आता नोटपॅडमध्ये नीट दिसेल. क्यूबी६४ मध्ये नेणार असाल तर डेफ एफएन (स्वतःचं फंक्शन बनवायची जुनी पद्धत) वापरलंय का बघा, ते तिथे चालत नाही. मी तर म्हणेन पीसी-बेसिकमध्येच ठेवा, बाबांना स्क्रीनसुद्धा ओळखीची वाटेल.

दोन_मिनिटं:
कशाला एवढा खटाटोप, हे सगळं एक्सेलमध्ये दोन मिनिटात होतं. नाहीतर पायथन शिका.

जुनी_डिस्क:
दोन मिनिटवाले दादा, ७६ वर्षांच्या माणसाला पायथन शिकवायला तुम्ही जाणार का इचलकरंजीला? ;)

वेढे_मोजणारी:
उघडली!! खूप खूप आभार. लिस्ट मारल्यावर बाबा खुर्ची ओढून शेजारीच येऊन बसले. आता एक शंका, १३० नंबरच्या ओळीत टीपीव्ही बरोबर ७ भागिले ए एवढंच आहे. हा ७ कुठून आला? बाबांना विचारलं तर म्हणाले उस्तादांनी सांगितलेला आकडा, पन्नास वर्षं तोच लावतोय.

कोअर_आणि_बॉबिन:
वा, या सातवर तर गप्पाच मारायला पाहिजेत. टीपीव्ही म्हणजे टर्न्स पर व्होल्ट, आणि ए म्हणजे कोअरच्या (लोखंडी गाभ्याच्या) मधल्या पायाचं क्षेत्रफळ, तेही चौरस इंचात, सेंटिमीटर टाकले तर सगळं बोंबलेल. मूळ सूत्र असं की व्होल्ट बरोबर ४.४४ गुणिले फ्रिक्वेन्सी गुणिले वेढे गुणिले क्षेत्रफळ गुणिले फ्लक्स डेन्सिटी. आपल्याकडे ५० हर्ट्झ, आणि फ्लक्स १ टेस्ला धरला तर एका व्होल्टला ४५ भागिले चौरस सेंटिमीटर एवढे वेढे येतात. एका चौरस इंचात ६.४५ चौरस सेंटिमीटर, ४५ ला त्याने भागा, ६.९८. झाला की उस्तादांचा सात! म्हणजे २ चौरस इंचाचा कोअर असेल तर व्होल्टला साडेतीन वेढे, २३० ला ८०५, आणि १२ व्होल्टच्या सेकंडरीला (आउटपुटच्या बाजूला) ४२.

हाच आकडा ६० हर्ट्झच्या देशात ५.८ च्या आसपास येतो, त्यामुळे अमेरिकन पुस्तकातली सूत्रं उचलताना जपून, कमी वेढे घातले की ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि तापतो. चांगलं सीआरजीओ (ट्रान्सफॉर्मरसाठीचं खास पोलाद) स्टॅम्पिंग, म्हणजे कोअरचे पत्रे, असतील तर दीड टेस्लापर्यंत जाता येतं, तार वाचते. पण भंगारातून आणलेल्या स्टॅम्पिंगला १ टेस्लाच बरा, उस्ताद बरोबर होते.

पिको_पंत:
मोजणीचं मी सांगतो. तुमच्या दुसऱ्या प्रोग्राममध्ये इन्प (पोर्ट वाचायची आज्ञा) आणि पुढे ८८९ असा आकडा असणार, तो प्रिंटर पोर्टचा स्टेटस रजिस्टर (८८८ वर डेटा, त्याच्या पुढचा हा). यूएसबी-टू-प्रिंटर केबल आणून काही होणार नाही, तिला हा पत्ताच नसतो, ती फक्त प्रिंटरशी बोलते. मी पण एकदा पैसे घालवलेत त्यात.

त्यापेक्षा रास्पबेरी पाय पिको (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) घ्या आणि त्यावर एमएमबेसिक टाका, तो पिकोमाइट म्हणून मिळतो. ऑस्ट्रेलियाच्या जेफ ग्रॅहम यांनी २०११ मध्ये मॅक्सिमाइट नावाचा छोटा कॉम्प्युटर काढला होता त्याच घराण्यातला. बूटसेल बटण दाबून यूएसबी लावली की पिको पेनड्राइव्हसारखा दिसतो, त्यात फाइल टाकायची, मग टेरा टर्म (पीसीवरून पिकोशी बोलायचा प्रोग्राम) उघडला की समोर बेसिकचा प्रॉम्प्ट. बाबांना काही वेगळं वाटणार नाही. सेटपिन आज्ञेत जीपी६ पिनला सीआयएन (मोजणीचा) मोड द्या, तो पल्स आपोआप मोजत बसतो.

पण रीड स्विच लावू नका तिथे, त्याचा कॉन्टॅक्ट थरथरतो आणि एका वेढ्याचे तीन-चार मोजले जातात, जुन्या बेसिकमध्ये मधे डिले टाकून भागवलं असेल. ए३१४४ हॉल सेन्सर (कॉन्टॅक्टशिवाय चुंबक ओळखणारा) लावा, चुंबक तोच चालेल, फक्त त्याची योग्य बाजू सेन्सरकडे हवी. सेन्सरला सप्लाय ५ व्होल्ट, म्हणजे पिकोची ४० नंबरची पिन, पण आउटपुटचा १० केचा पुलअप रेझिस्टर ३.३ व्होल्टलाच, म्हणजे ३६ नंबरला. ५ ला लावलात तर पिको जाऊ शकतो. आणि वेढा उलटा सोडवला तरी मोजणी वाढतच जाणार हे लक्षात ठेवा.

वेढे_मोजणारी:
उलट्या वेढ्याचं बाबांना आधीच माहीत होतं, प्रोग्राममध्ये मायनसचं बटण दाबलं की एक वेढा कमी होतो, इंकी (दाबलेलं बटण वाचणारी आज्ञा) वापरून केलंय! पिको आणि सेन्सर ऑर्डर केलाय, आला की कळवते. इकडे काल गंमत झाली, २ चौरस इंचाला ८०५ आला का ते बघत होते तर बाबांनी मला बाजूला सरकवलं, १४० नंबरची ओळ परत टाइप केली आणि एंटर. सेकंडरीला पाच टक्के जादा वेढे होते ते आठ केले, म्हणाले छोट्या कोअरला पाच पुरत नाहीत, लोड टाकला की व्होल्ट बसतात, हे बदलायचं तेव्हापासून राहूनच गेलं होतं.

जुनी_डिस्क:
भारीच! फक्त आता सेव्ह करताना कॉमा ए विसरू नका, नाहीतर परत इथे यावं लागेल. आणि जुनी फाइल वेगळ्या नावाने ठेवा.