मदत हवी आहे: बांधकामातले दोन महिने वाचवायचेत, जादा पैसा कुठे घालू?

चेंबूर_साईट
नमस्कार. चेंबूरला पुनर्विकासाची इमारत चालू आहे, स्टिल्ट (खांबांवरचं पार्किंग) अधिक १४ मजले. दहावा स्लॅब झाला. मालक म्हणतात शेड्यूलमधले दोन महिने कमी कर, आणि त्यासाठी जादा किती लागतील तो आकडा शनिवारी दे. त्यांच्या मनात शटरिंगचा (काँक्रीट ओतायच्या साच्यांचा) दुसरा सेट आणायचं आहे. स्लॅबची सायकल, म्हणजे एका स्लॅबपासून पुढच्या स्लॅबपर्यंतचा वेळ, १५ दिवसांवरून १० वर येईल. सेटचं भाडं, वाढीव सुतार आणि फिटर मिळून १४ लाख जास्त. मला हा खर्च पटत नाही, पण का पटत नाही ते आकड्यांत मांडता येत नाहीये. क्रॅशिंग (जादा पैसा घालून कामाचे दिवस कापणं) कॉलेजात शिकलोय, पण तिथली गणितं चार कामांची असतात. कोणाकडे तयार एक्सेल असेल तर प्लीज द्या. घाई आहे.

सेंट्रिंगवाले_ठाणे
एक्सेलने स्लॅब पडत नाही, मायवान (ॲल्युमिनियमचे साचे) लावा. घोडबंदरला आमच्याकडे सात दिवसांत एक स्लॅब निघतो, वर आतलं प्लास्टरही बरंचसं वाचतं. एकदा वापरलंत की परत प्लायकडे बघणार नाही.

निवृत्त_प्लॅनर
दहा स्लॅब झाल्यावर मायवान? त्याला भिंतीच काँक्रीटच्या लागतात, डिझाइन पहिल्यापासून तसं करावं लागतं. इथे कॉलम-बीमची फ्रेम उभी आहे. पॅनेल बनवून येईपर्यंत उरलेले चार स्लॅब होऊनही जातील.

चेंबूरवाले भाऊ, तुमच्या प्रश्नात स्लॅबशिवाय काहीच नाही. स्लॅबनंतर काय काय उरलंय, कशाला किती दिवस? बाहेरचं प्लास्टर वरपर्यंत आरसीसी (सळई-काँक्रीटचं काम) झाल्यावरच का? लिफ्टची ऑर्डर गेली का? सभासदांना भाडं कोण देतं, महिन्याला किती? रेरावर कोणती तारीख आहे? हे कळल्याशिवाय १४ लाख महाग की स्वस्त, कोणालाच सांगता येणार नाही.

मुलुंड_सभासद
भाड्याचा विषय निघालाच आहे तर विचारतो. आमच्या बिल्डरने मार्चपासून भाडं बंद केलंय. काम चालू आहे म्हणतो, पण आम्ही भाडं खिशातून भरतोय. आईचं वय झालंय, आता तिला घेऊन पुन्हा घर बदलायचं म्हणजे जिवावर येतं. तक्रार कुठे करायची? सोसायटीची कमिटी काही बोलत नाही.

चेंबूर_साईट
काका, घ्या आकडे. उरलेलं आरसीसी, म्हणजे चार स्लॅब, लिफ्टची मशीनरूम आणि वरची टाकी, ८५ दिवस. मग परांची लावून बाहेरचं प्लास्टर ६०, बाहेरचा रंग ३०, परांची उतरवून कंपाउंड आणि पेव्हर २०. दुसरीकडे लिफ्ट बसवायला ७५, तपासणी आणि परवाना २०. आतली कामं खालून वर येतायत, तिथे मोकळीक आहे. ४८ सभासद, सरासरी ४० हजार भाडं, मालक देतात. स्टाफ, क्रेन, होइस्ट, वॉचमन धरून साईटचा खर्च महिन्याला ९ लाख. जादा गँग लावल्या तर प्लास्टर ४० दिवसांत होईल, ५ लाख जास्त. रंग २० दिवसांत, दीड लाख जास्त. लिफ्टला दुसरी टीम घेतली तर ५५ दिवस, ६ लाख जास्त. रेराची तारीख पुढच्या डिसेंबरची आहे, ती अडचण नाही. एक्सेल आहे का कोणाकडे?

रात्रपाळी_अंधेरी
दुसरा सेट कशाला? आहे त्याच सेटवर दोन पाळ्या लावा. हॅलोजन लावले की रात्रीही सळई बांधता येते. नाहीतरी आरएमसीच्या (तयार काँक्रीटच्या) गाड्या दिवसा ट्रॅफिकमध्ये अडकतात. मी दोन इमारती अशाच काढल्यात.

स्ट्रक्चर_दादर
सेट अजून स्लॅबखाली अडकलेला असताना रात्री जागून बांधणार काय? आयएस ४५६ (काँक्रीटचा भारतीय कोड) प्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला १४. सहा मीटरपर्यंतच्या बीमचे १४, पुढे २१. माणसं दुप्पट केली म्हणून काँक्रीट दुप्पट वेगाने पक्कं होत नाही. सायकल १० वर आणायची तर खालचे दोन-तीन मजले टेकूंवर राहतील, म्हणजे टेकूंची संख्याही वाढवा. १४ लाखांत ते धरलंय का? आणि टेकू लवकर काढायचा मोह झाला तर आधी आपल्या स्ट्रक्चरल कन्सल्टंटची लेखी परवानगी घ्या. यात चालढकल नको, खाली माणसं काम करत असतात.

रात्रपाळी_अंधेरी
कोडमधले दिवस साध्या सिमेंटचे आहेत. वरच्या ग्रेडचं काँक्रीट घ्या, तीन दिवसांचे क्यूब (काँक्रीटचे नमुने) फोडा, स्ट्रेंग्थ आली तर काढा. सगळे असंच करतात.

स्ट्रक्चर_दादर
क्यूबवर ठरवायला माझी हरकत नाही, पण ते कन्सल्टंटने ठरवायचं, मुकादमाने नाही. शिवाय वरच्या ग्रेडचा जादा दर पण खर्चात धरा. आणि रात्रपाळीचं म्हणाल तर रात्री १० ते सकाळी ६ आवाजाचे नियम आहेत, शेजारच्या सोसायटीने एक फोन केला की पोलीस दारात. ओव्हरटाइमला कायद्याने दुप्पट दर द्यावा लागतो. रोज बारा तास राबलेल्या माणसाचं काम पुढे पुढे मंदावतं आणि अपघात वाढतात, हे मी स्वतः पाहिलंय.

प्रोजेक्ट_करिअर
धागाकर्त्याने प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं पीएमपी सर्टिफिकेशन करावं असं सुचवेन. अशा प्रश्नांची पद्धतशीर उत्तरं मिळतात आणि गल्फमध्ये पगारही चांगला मिळतो. माहिती हवी असल्यास व्यनि करा.

शिकवते_सीपीएम
शनिवारचं आधी बघू या.

क्रॅशिंग ज्यात येतं ती सीपीएम (क्रिटिकल पाथ मेथड) पद्धत १९५७च्या सुमाराला ड्यूपाँटचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी बसवली, आणि त्यांच्यापुढे प्रश्न हाच होता: काम लवकर संपवायला पैसा कुठल्या कामावर घालावा. वर्गात मुलं नेहमी सगळ्याच कामांचे दिवस कापायला धावतात. कापायचा फक्त सगळ्यात लांब वाटेवर, आणि तिथेही जिथे एक दिवस सगळ्यात स्वस्त मिळतो तिथे.

तुमच्या दोन वाटा आहेत. बाहेरची ८५ अधिक ६० अधिक ३० अधिक २०, म्हणजे १९५. लिफ्टची ८५ अधिक ७५ अधिक २०, म्हणजे १८०. एक दिवस वाचवायचा भाव काढा: जादा खर्च भागिले वाचलेले दिवस. रंगाचा १५ हजार, प्लास्टरचा २५ हजार, लिफ्टचा ३० हजार, आरसीसीचा ७० हजार. आता दुसरी बाजू. भाडं महिन्याला १९ लाख २० हजार, म्हणजे दिवसाला ६४ हजार. साईटचे ३० हजार. एक दिवस लवकर संपलं तर ९४ हजार वाचतात, कर्जाचं व्याज वेगळं.

रंगाचे १० दिवस घ्या, मग प्लास्टरचे ५. दोन्ही वाटा १८० वर आल्या. इथून पुढे एकाच वाटेवर खर्च केला तर काही मिळत नाही, प्लास्टर आणि लिफ्ट दोन्ही एकदम कापावे लागतात, दिवसाला ५५ हजार. असे १५ दिवस, म्हणजे १६५. त्यानंतर आरसीसीची पाळी, कारण ते दोन्ही वाटांवर आहे. २० दिवस, १४५. एकूण ५० दिवस वाचले, २५ लाख गेले आणि ४७ लाख वाचले. १४ लाख वाया नाहीत, पण त्यांचा नंबर शेवटचा. मालकांना आकड्यापेक्षा हा क्रम दाखवा.

दोन महिन्यांतल्या उरलेल्या दहा दिवसांसाठी पैशापेक्षा कामं एकमेकांत घालून बघा. परांची एका बाजूने उतरत असताना त्या बाजूचं कंपाउंड सुरू करता येतं का?

स्ट्रक्चर_दादर
हिशोब उत्तम, ताई. एक भर घालतो. प्लास्टरची माणसं थोडी थोडी वाढवता येतात, सेट मात्र एकदम आणावा लागतो आणि सायकल १० वर आली नाही तरी १४ लाख जातातच. १२ वर अडकली तर फक्त १२ दिवस वाचतात, दिवसाचा भाव लाखाच्या वर, म्हणजे तोटा. ११ पर्यंत आली तरच निभावतं. मुकादमाचं तोंडी आश्वासन धरू नका, आधीच्या स्लॅबचं प्रत्यक्ष रजिस्टर काढून कुठे दिवस गेले ते बघा. बहुतेक वेळा सळईची वाट बघण्यात नाहीतर इन्स्पेक्शनला माणूस न येण्यात जातात.

मुलुंड_सभासद
४८ घरांचं भाडं दिवसाला ६४ हजार! आमचा बिल्डर म्हणूनच थांबवून बसलाय. कोणी सांगेल का, आम्ही काय करायचं?

दहिसर_कमिटी
मुलुंडकर, आधी विकास करारनाम्यात बँक गॅरंटीचं कलम आहे का बघा, आणि भाडं थकल्यावर ती वापरायची अट काय आहे ते. सभासदांनी मिळून लेखी पत्र देऊन विशेष सभा मागा. कागद घेऊन वकिलाला भेटा. वेगळा धागा काढलात तर मी आमच्या सोसायटीचा अनुभव सविस्तर लिहितो, इथे हरवून जाईल.

निवृत्त_प्लॅनर
माझा एक प्रश्न अजून अनुत्तरित आहे. लिफ्टची ऑर्डर गेली का?

चेंबूर_साईट
नाही. दोन लिफ्टचं कोटेशन फायनल आहे, ॲडव्हान्स मालकांनी थांबवलाय, आधी स्लॅब होऊ दे म्हणाले. ॲडव्हान्स दिल्यापासून १२० दिवसांनी माल, असं कोटेशनमध्ये आहे.

निवृत्त_प्लॅनर
मग तुमचं शेड्यूल १९५ नाही. आज ॲडव्हान्स दिला तरी १२० अधिक ७५ अधिक २०, म्हणजे २१५. सगळ्यात लांब वाट लिफ्टची आहे आणि ती रोज एक दिवसाने लांबतेय. १४ लाख घालून आरसीसी २० दिवस लवकर उरकलंत तर शाफ्ट रिकामा उभा राहील, इमारत एक दिवसही लवकर संपणार नाही. तुम्हाला पटत नव्हतं ते यामुळे.

कंपनीला विचारा की माल दोन टप्प्यांत देता का. ब्रॅकेट आणि गाईड रेल आधी, मशीन आणि केबिन नंतर. माझ्या वेळी बहुतेकजण पैसे वेळेवर मिळाले तर तयार होत. आरसीसी संपायच्या सुमाराला रेल साईटवर आल्या तर ताईंचा हिशोब पुन्हा लागू होतो.

शिकवते_सीपीएम
बरोबर. मालाची वाट पाहणं हेही कामांच्या जाळ्यातलं एक काम आहे, ते चार्टवर दाखवाच. त्याला मजूर लागत नाहीत म्हणून ते राहून जातं. चेंबूरवाले, शनिवारी दोन कागद न्या. एकावर ॲडव्हान्स याच आठवड्यात, दुसऱ्यावर महिन्याने. खाली दोन्हीकडे ९४ हजार गुणिले उशिराचे दिवस लिहा.

सेंट्रिंगवाले_ठाणे
प्लास्टरबद्दल एक सांगतो. आता नोव्हेंबर आहे, गडी छठ करून आत्ता परतलेत. तुमचं बाहेरचं प्लास्टर फेब्रुवारीत सुरू होणार आणि मध्येच होळी येणार. जादा गँगचा आत्ता मिळालेला दर तेव्हा टिकणार नाही, अर्धी माणसं गावाला असतील. सोलापूर-कलबुर्गीकडच्या गँगशी आत्ताच बोलून ठेवा, ते होळीला थांबतात. बाहेरचा रंग मेच्या पुढे नेऊ नका, जूनमध्ये पाऊस लागला की परांची नुसती भाडं खात उभी.

चेंबूर_साईट
सगळ्यांचे मनापासून आभार. लिफ्ट कंपनीशी बोललो. ॲडव्हान्स सोमवारपर्यंत मिळाला तर रेल ७० दिवसांत देतो म्हणाले, मशीन ठरल्याप्रमाणे. मालकांनी दुसऱ्या सेटचा विषय बाजूला ठेवलाय, आधी लिफ्टचे पैसे सोडतायत. शाफ्ट ताब्यात देताना कंपनी काय काय तपासते? मागे दुसऱ्या साईटवर त्यावरून वाद झाला होता.

निवृत्त_प्लॅनर
सगळ्यात आधी ओळंबा. वरून खालपर्यंत तार सोडून प्रत्येक मजल्यावर चारही बाजूंची मापं घ्या आणि कंपनीच्या ड्रॉइंगशी ताडून बघा. दहा मजले झालेत, म्हणजे हे काम उद्याही करता येईल. कुठे आत आलेलं काँक्रीट निघालं तर फोडायला आत्ता वेळ आहे. पिटचं (शाफ्टच्या तळाच्या खड्ड्याचं) वॉटरप्रूफिंग आणि तळाची खोलीही बघून घ्या.